सुपरचार्जर लावलेल्या ट्रक-एंजिनाची इंधनव्यवस्था

ट्रक हा शब्द ऐकताच भारतीय वाचकाच्या डोळ्यांपुढे मालाने भरलेले, डिझेलवर चालणारे अवजड वाहन उभे राहते. उत्तर अमेरिकेत मात्र मागे उघडा हौदा असलेल्या हलक्या गाडीलाही ट्रक असेच म्हणतात. शेतकरी, सुतार, गवंडी आणि लहान व्यावसायिक यांची ती रोजच्या वापराची गाडी असून तिचे एंजिन बहुधा पेट्रोलवर चालते. अशा काही ट्रकांना त्यांच्या निर्मात्यांनी शर्यतीच्या मोटारीला शोभेल असे एंजिन बसविले. अमेरिकेतील फोर्ड कंपनीचा ‘लाइटनिंग’ हा त्यांपैकी एक प्रसिद्ध ट्रक होय. १९९३ ते १९९५ या काळात निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीचे ५.८ लिटरचे एंजिन २४० अश्वशक्ती देत असे. १९९९ साली निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीचे एंजिन आकाराने लहान, म्हणजे ५.४ लिटरचे होते. तरीही ते ३६० अश्वशक्ती देऊ लागले आणि २००१ पासून हा आकडा ३८० वर गेला. २००४ मध्ये या आवृत्तीचे उत्पादन थांबले. लहान एंजिनाने मोठ्यावर मात केली ती मुख्यतः सुपरचार्जर या साधनाच्या बळावर.

अशा ट्रकांच्या हौशी मालकांना कारखान्याने दिलेली शक्तीही पुरेशी वाटत नाही. ती वाढविण्याचा सर्वांत सोपा उपाय त्यांच्या हाताशी असतो. सुपरचार्जर फिरविणारी कप्पी काढून तिच्या जागी थोडी लहान कप्पी बसविली, की तो अधिक वेगाने फिरतो आणि अधिक हवा एंजिनात लोटतो. काम एका दुपारचे आणि खर्चही बेताचा. परंतु याच सोप्या फेरबदलाने कित्येक चांगली एंजिने निकामी झाली आहेत. हवा वाढविणे जितके सोपे, तितके त्या हवेच्या प्रमाणात इंधन पुरविणे सोपे नसते. वाढीव हवेला पुरेल एवढे इंधन एंजिनापर्यंत कसे पोहोचवावे आणि ते पोहोचत आहे याची खात्री कशी करून घ्यावी, हा या प्रकरणाचा विषय आहे.

हवा लोटणारे यंत्र

सुपरचार्जर म्हणजे अधिभारक. साधे एंजिन दट्ट्या खाली जाताना निर्माण होणाऱ्या पोकळीने हवा ओढून घेते. अधिभारित एंजिनात ती हवा बाहेरून दाबाने भरली जाते. या यंत्राचा मूळ उपयोग अगदी वेगळा होता. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिल गावच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० च्या सुमारास एकमेकांत अडकून फिरणाऱ्या दोन पाळ्यांचा भाता तयार केला. पुढे लोखंडाच्या झोतभट्ट्यांना हवा पुरविण्यासाठी आणि खाणींत वायुवीजन करण्यासाठी तो वापरात आला.

ट्रकाशी या भात्याचे नाते जुने आहे. जनरल मोटर्स कंपनीच्या डेट्रॉइट डिझेल विभागाने १९३८ साली ‘७१’ या मालिकेची द्विधाव डिझेल एंजिने बाजारात आणली. सिलिंडरांतील जळका वायू बाहेर लोटण्यासाठी त्यांना रूट्स पद्धतीचा भाता जोडलेला असे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील हौशी कारागिरांनी भंगारात आलेल्या एंजिनांचे हे भाते काढून ते पेट्रोलच्या मोटारींवर बसविले. लाइटनिंग ट्रकावरील ईटन कंपनीचा सुपरचार्जर याच कुळातला होता. त्याच्या प्रत्येक फेऱ्यात ११२ घनइंच, म्हणजे सुमारे १.८ लिटर हवा पुढे ढकलली जाई आणि एंजिनाच्या प्रवेशमार्गात वातावरणाहून साधारण अर्धा बार अधिक दाब निर्माण होई. एक बार म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीवरील वातावरणाचा दाब. दाबलेली हवा तापते, म्हणून ती सिलिंडरात शिरण्यापूर्वी तिला पाण्याने थंड करणारा इंटरकूलरही या एंजिनाला दिलेला होता.

इंधन कमी पडले तर

एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. आकारमानात सांगायचे, तर ही हवा बारा हजार लिटरांच्या आसपास भरते. याहून अधिक हवा असलेल्या मिश्रणास विरल आणि अधिक इंधन असलेल्या मिश्रणास समृद्ध म्हणतात. साध्या एंजिनातून जास्तीत जास्त शक्ती मिळते ती हवेचे प्रमाण साडेबारा ते तेरापट असताना. अधिभारित एंजिनात पूर्ण भाराच्या वेळी हे प्रमाण मुद्दाम आणखी खाली, म्हणजे अकरा ते बारापटींपर्यंत ठेवतात. जादा इंधन वाया जाते असे वरवर पाहता वाटेल. परंतु त्याच्या बाष्पीभवनाने मिश्रण थंड होते आणि ज्वलन आटोक्यात राहते.

हे इंधन कमी पडले तर काय घडते? ठिणगी पडल्यावर ज्योत सिलिंडरात एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे पसरत जाते. अजून न जळलेले मिश्रण पुढे कोंडले जाऊन तापते. ते प्रमाणाबाहेर तापले, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच एकदम पेट घेते. त्या आघाताचा धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. कारागीर यालाच एंजिनाचा ठोका किंवा ‘नॉकिंग’ म्हणतात. ज्योतीचे तापमान २,००० अंश सेल्सिअसहून अधिक असते, तर दट्ट्या ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा बनविलेला असतो, त्यातील मूळ ॲल्युमिनियम ६६० अंशांवरच वितळते. तरीही दट्ट्या टिकतो, याचे कारण त्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहणारा वायूचा पातळ थर त्याचे रक्षण करतो आणि आत शिरलेली उष्णता वंगणतेल व सिलिंडरची भिंत यांच्या वाटे निघून जाते. ठोक्याचा आघात हा संरक्षक थरच पुसून टाकतो. मग दट्ट्याची कड झिजते, कड्या तुटतात, प्रसंगी दट्ट्याला भोक पडते. पूर्ण भारावर हे सारे काही सेकंदांत घडू शकते.

डिझेल एंजिनाची सवय असलेल्या वाचकाने येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. डिझेल एंजिनात हवा नेहमीच गरजेपेक्षा अधिक असते आणि शक्तीचे नियंत्रण इंधनाच्या मात्रेने होते. तेथे इंधन वाढविले की तापमान वाढते व काळा धूर निघतो, आणि हवा वाढविली की ज्वलन थंड होते. पूर्ण भारावरील पेट्रोल एंजिनाचे वागणे नेमके याच्या उलट असते. तेथे तापमान वाढते ते इंधन कमी पडल्यावर. त्यामुळे डिझेल ट्रकाच्या अनुभवावरून बांधलेला अंदाज पेट्रोलच्या एंजिनाला लावणे घातक ठरते.

टाकीपासून सिलिंडरापर्यंत

इंधनव्यवस्था ही एक साखळी आहे. टाकीत बुडालेला विजेवरचा पंप इंधन उचलतो. ते फिल्टरमधून आणि लांब नळ्यांतून एंजिनावरील वितरणनळीत येते. या नळीला प्रत्येक सिलिंडरासाठी एक इंजेक्टर जोडलेला असतो. इंजेक्टर म्हणजे विजेने उघडमीट करणारी सूक्ष्म झडप. ती किती वेळ उघडी ठेवायची, हे नियंत्रक संगणक ठरवितो. त्यासाठी तो आत येणाऱ्या हवेचे मोजमाप करणाऱ्या संवेदकाचा आधार घेतो. वितरणनळीतील दाब दाबनियामकाच्या साहाय्याने राखला जातो. काही गाड्यांत उरलेले इंधन परतीच्या नळीने टाकीत जाते, तर काहींत परतीची नळी नसून पंपाचा वेगच गरजेप्रमाणे कमी-अधिक केला जातो.

यातील कोणतीही एक कडी अपुरी असली, तर बाकीच्या कितीही मोठ्या असून उपयोग नाही. मोठे इंजेक्टर बसवून पंप जुनाच ठेवला, तर इंजेक्टर उघडतील पण त्यांच्यामागे दाब राहणार नाही. मोठा पंप बसवून इंजेक्टर लहानच ठेवले, तर पंपाचे जादा इंधन टाकीत परत फिरेल. दोन्ही मोठे करून संगणकाला त्याची जाणीव दिली नाही, तर मात्रा आधीपासूनच चुकेल. म्हणून सुधारणेचा आरंभ खरेदीने न करता हिशेबाने करावा.

हिशेब

समजा, ३८० अश्वशक्तीच्या एंजिनापासून ५०० अश्वशक्ती मिळवायची आहे. सुपरचार्जर लावलेल्या पेट्रोल एंजिनाला पूर्ण भारावर दर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे २७० ग्रॅम इंधन लागते असे धरतात. त्यानुसार ३८० अश्वशक्तीला ताशी सुमारे १०३ किलोग्रॅम इंधन लागेल. आठ सिलिंडरांत वाटल्यास प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १३ किलोग्रॅम येते.

इंजेक्टर मात्र सतत उघडा ठेवता येत नाही. मिनिटाला ५,००० फेरे घेणाऱ्या चतुर्धाव एंजिनाचे एक पूर्ण चक्र दोन फेऱ्यांत, म्हणजे २४ सहस्रांश सेकंदांत संपते. इंजेक्टरला उघडायला आणि मिटायला त्यातलाच काही वेळ लागतो. म्हणून चक्राच्या ८० टक्क्यांहून अधिक काळ तो उघडा राहू नये, असा दंडक पाळतात. १३ किलोग्रॅमला ०.८ ने भागले की १६ किलोग्रॅमच्या थोडा वर आकडा येतो. लाइटनिंगला कारखान्यातून मिळालेला इंजेक्टर ताशी ४२ पौंडांचा, म्हणजे सुमारे १९ किलोग्रॅमचा होता. निर्मात्याने थोडी शिल्लक ठेवली होती हे यावरून दिसते.

आता ५०० अश्वशक्तीचा हिशेब पाहावा. एकूण इंधन ताशी १३५ किलोग्रॅम आणि प्रत्येक सिलिंडराला सुमारे १७ किलोग्रॅम लागेल. जुना इंजेक्टर हे इंधन देऊ शकेल, पण त्याला चक्राच्या जवळजवळ ९० टक्के काळ उघडे राहावे लागेल. म्हणजे कारखान्याने ठेवलेली शिल्लक संपली. थंडीच्या दिवशी हवा दाट झाली किंवा पंपाचा दाब किंचित उतरला, तर भरून काढायला जागाच उरणार नाही. ८० टक्क्यांची मर्यादा पाळायची तर ताशी किमान २१ किलोग्रॅमचा इंजेक्टर हवा.

पंपाचाही हिशेब असाच मांडता येतो. पेट्रोलची घनता लिटरला सुमारे ०.७४ किलोग्रॅम धरली, तर १३५ किलोग्रॅम म्हणजे ताशी सुमारे १८२ लिटर. त्यावर निदान वीस-पंचवीस टक्के राखीव धरले, तर ताशी २२० ते २३० लिटर देणारा पंप लागेल. बाजारात ताशी २५५ लिटरचा म्हणून विकला जाणारा पंप यासाठी पुरेसा वाटेल, परंतु तो आकडा कोणत्या दाबाला आणि किती व्होल्टला मोजला आहे हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

दाबाचा पेच

इंजेक्टरमधून किती इंधन बाहेर पडेल, हे त्याच्या दोन टोकांमधील दाबाच्या फरकावर अवलंबून असते. मागून वितरणनळीचा दाब इंधन ढकलतो आणि पुढून प्रवेशमार्गातील हवेचा दाब त्याला अडवितो. समजा, वितरणनळीत २.७ बार दाब कायम ठेवला आहे. सुपरचार्जरने प्रवेशमार्गात ०.८ बार दाब निर्माण केला, तर इंजेक्टरवर केवळ १.९ बारांचा फरक उरेल. प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने तो सुमारे १६ टक्क्यांनी घटेल, आणि तोही हवा सर्वाधिक असतानाच.

यावर उपाय म्हणजे दाबनियामकाला एका बारीक नळीने प्रवेशमार्गाशी जोडणे. मग हवेचा दाब जितका वाढेल, तितकाच इंधनाचा दाबही वाढतो आणि फरक कायम राहतो. वरील उदाहरणात वितरणनळीचा दाब ३.५ बार होईल. पण येथे दुसरी अडचण उभी राहते. कोणताही विजेवरचा पंप अधिक दाबाविरुद्ध कमी इंधन देतो. एंजिनाला सर्वाधिक इंधन हवे असते, त्याच क्षणी पंपापुढील दाब सर्वाधिक असतो. म्हणून पंपाची निवड त्याच्या मोकळ्या प्रवाहावरून न करता पूर्ण भाराच्या दाबाला तो किती इंधन देतो यावरून करावी.

इंजेक्टर न बदलता केवळ दाब वाढवून काम भागविण्याचा मोह अनेकांना होतो. वर्गमुळाचा नियम येथेही आड येतो. दाब दुप्पट केला तरी प्रवाह केवळ ४१ टक्क्यांनी वाढतो आणि पंपावरचा ताण मात्र कितीतरी वाढतो. नळ्यांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. नळीतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला, की घर्षणाने होणारी दाबाची घट जवळजवळ चौपट होते. ३८० अश्वशक्तीला पुरेशी असलेली अरुंद नळी किंवा अर्धवट तुंबलेला फिल्टर पुढे अडथळा ठरतो तो यामुळेच.

विजेची बाजू

इंधनव्यवस्थेतील दोष शोधताना विजेकडे सहसा लक्ष जात नाही. पंपाचा वेग त्याला मिळणाऱ्या व्होल्टवर अवलंबून असतो. एंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांशी साडेतेरा ते चौदा व्होल्ट असतात. पण बारीक तारा, गंजलेली जोडणी आणि लांबचा मार्ग यांमुळे टाकीतील पंपापर्यंत बारा किंवा त्याहूनही कमी व्होल्ट पोहोचतात. मोठा पंप अधिक विद्युत्प्रवाह ओढतो, त्यामुळे जुन्या तारांत ही घट आणखी वाढते. नवा पंप बसवूनही दाब वाढला नाही, अशी तक्रार करणाऱ्याने प्रथम पंपाच्या जोडणीवर, एंजिन भाराखाली असताना, व्होल्ट मोजावेत. बॅटरीपासून जाड तार ओढून रिलेमार्फत पंपाला वीज दिली, की पुष्कळदा तोच पंप अपेक्षित दाब देऊ लागतो.

पूर्ण भाराच्या वेळी पंपाचे व्होल्ट १७ च्या आसपास चढविणारी उपकरणेही वापरली जातात. बेताच्या वाढीसाठी ती उपयोगी पडतात, परंतु पंप त्यांच्यावर सतत चालविल्यास त्याचे आयुष्य घटते.

काही जण एकाऐवजी दोन पंप समांतर जोडतात. या रचनेत एक धोका लपलेला असतो. दोहोंपैकी एक पंप बंद पडला, तरी रोजच्या सावकाश वापरात दुसरा पुरेसा ठरतो आणि मालकाला काहीच कळत नाही. दोष उघड होतो तो थेट पूर्ण भारावर, इंधन कमी पडल्यावर. म्हणून दोन पंप असतील तेथे दोन्ही स्वतंत्रपणे तपासता येतील अशी सोय ठेवावी.

दोष ओळखण्याची रीत

एंजिन निरोगी आहे की उपाशी, हे कानाने किंवा वेगावरून कळत नाही. किंचित विरल मिश्रणावर एंजिन क्षणभर अधिक जोमदारही वाटू शकते. त्यामुळे चार मापे एकाच वेळी घेणे आवश्यक असते. इंधनाचा दाब, इंजेक्टर उघडा राहण्याचे प्रमाण, पंपावरील व्होल्ट आणि धुराड्यातील वायूवरून समजणारे मिश्रणाचे प्रमाण, अशी ही चार मापे होत. शेवटच्या मापासाठी विस्तृत पल्ल्याचा ऑक्सिजन संवेदक लागतो. जुन्या गाड्यांतील साधा संवेदक १४.७ या प्रमाणाच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढेच सांगतो, आणि अकरा व तेरा यांतील भेद त्याला कळत नाही. या भेदावर तर एंजिनाचे भवितव्य अवलंबून असते.

मापे हाती आली की तर्क सरळ चालतो. वितरणनळीत ३.५ बार दाब अपेक्षित असता तो ३.१ वर अडला, तर दोष पंप, फिल्टर, नळ्या किंवा तारा यांत आहे, आणि व्होल्टच्या मापावरून तारांचा निकाल लगेच लागतो. दाब पूर्ण आहे पण इंजेक्टर ९० टक्क्यांच्या पुढे गेला आहे, तर इंजेक्टर लहान पडतो आहे. दाबही पूर्ण, इंजेक्टरपाशी शिल्लकही आहे, आणि तरीही मिश्रण विरल असेल, तर संगणकाची मांडणी चुकली आहे किंवा हवा मोजणारा संवेदक आपल्या पल्ल्याच्या टोकाला जाऊन पोहोचला आहे. टाकी भरलेली असताना सर्व ठीक आणि चतुर्थांश उरल्यावर दाब अचानक पडतो, असे आढळल्यास पंपाकडे पाहावे. ट्रक जोराने वेग घेतो तेव्हा टाकीतील पेट्रोल मागे सरकते आणि उघडा पडलेला पंप हवा ओढू लागतो.

सुधारणेचा क्रम

आतापर्यंतच्या विवेचनावरून कामाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम किती शक्ती हवी ते निश्चित करून वरीलप्रमाणे हिशेब मांडावा. मग आहे त्या व्यवस्थेची मापे घ्यावीत. फिल्टर बदलावा आणि तारा सुधाराव्यात. त्यानंतर पंप, नळ्या आणि दाबनियामक यांचा विचार करावा व सर्वांत शेवटी इंजेक्टरचा. इंजेक्टर बदलला की त्याची मापे संगणकाच्या मांडणीत भरावी लागतात. गरजेपेक्षा फार मोठा इंजेक्टरही उपकारक नसतो. सावकाश चालणाऱ्या एंजिनाला इतके थोडे इंधन लागते, की मोठा इंजेक्टर एवढ्या अल्प काळासाठी अचूक उघडू शकत नाही आणि एंजिन अडखळू लागते.

लहान कप्पी बसवावी ती हे सारे झाल्यावर आणि मापे समाधानकारक आल्यावर. प्रत्यक्षात बहुतेक जण नेमके उलट करतात. कप्पी स्वस्त आणि तिचा परिणाम ताबडतोब जाणवणारा, म्हणून ती पहिल्या दिवशी बसते. पंप, तारा यांचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्या पुढच्या महिन्यावर जातात. त्या महिन्याभराच्या अवधीतच एंजिन गमावले जाते.

इंधनच बदलले तर

वरील सर्व आकडे पेट्रोलचे आहेत. इथेनॉलला स्वतःच्या वजनाच्या केवळ नऊपट हवा लागते, म्हणजेच तेवढ्याच हवेसाठी इथेनॉल पुष्कळ अधिक लागते. अमेरिकेत मिळणाऱ्या इथेनॉलप्रधान ‘ई-८५’ इंधनासाठी पेट्रोलच्या तुलनेत साधारणतः तीस ते चाळीस टक्के अधिक प्रवाह लागतो. ते ठोक्याला चांगला प्रतिकार करते आणि बाष्पीभवनाने मिश्रण अधिक थंड करते, म्हणून शक्तीच्या शोधात असलेल्यांना ते प्रिय असते. मात्र पेट्रोलवर नेमकी पुरणारी व्यवस्था ई-८५ वर हमखास अपुरी पडते. भारतातही २०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठले गेले. इंधनाचे घटक बदलले की त्याचे हवेशी असलेले प्रमाण आणि नळ्या, रबरी कड्या यांच्यावरील परिणामही बदलतो, ही बाब येथील वाहनचालकांनाही लागू आहे.

सुरक्षितता आणि कायदा

वितरणनळीतील पेट्रोल एंजिन बंद केल्यावरही दाबाखाली असते. काम सुरू करण्यापूर्वी तो दाब उतरवावा आणि बॅटरी सोडवावी. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने ती जमिनीलगत पसरत दूरवरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते, म्हणून जागा हवेशीर असावी. फोर्डच्या त्या काळच्या गाड्यांत अपघाताचा धक्का बसताच पंपाची वीज तोडणारा एक स्विच असे. पंपाला नवी जाड तार देताना हा स्विच वगळला जाण्याची चूक पुष्कळदा होते. मग टक्कर झाली तरी पंप फुटलेल्या नळीतून पेट्रोल ओतत राहतो. रिलेला चालू-बंद करणारी तार या स्विचमधूनच नेली, तर शक्ती आणि सुरक्षितता दोन्ही साधतात.

वाहनाच्या रचनेत असे बदल करण्यावर कायद्याची बंधनेही असतात. अमेरिकेत धूरनियंत्रणाच्या साधनांत ढवळाढवळ करण्यास स्वच्छ हवा कायद्यान्वये मनाई आहे. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे फेरबदल करण्यास प्रतिबंध करते. म्हणून अशी एंजिने बहुधा शर्यतीच्या बंदिस्त मैदानावर चालविली जातात.

अधिभारित एंजिनाची शक्ती किती वाढवता येईल, याचे उत्तर अशा रीतीने सुपरचार्जरपाशी मिळत नाही. सर्वांत उष्ण दिवशी, सर्वांत जड भाराखाली आणि टाकीत थोडेच इंधन उरलेले असताना पंप, तारा, नळ्या व इंजेक्टर मिळून जेवढे पेट्रोल सिलिंडरापर्यंत पोहोचवू शकतात, तेवढीच त्या एंजिनाची खरी शक्ती होय. त्यापलीकडे आत लोटलेली हवा एंजिनाचा नाशच करते.